दुसऱ्या पक्षाचे ऐकून घ्या : संघर्ष, कायदा, संज्ञापन आणि मानवी वर्तनावरचे अभ्यासग्रंथ कसे वाचावेत

दोन माणसांचे बिनसले की बघणाऱ्याच्या मनात एकदम चार प्रश्न उभे राहतात. मूळ दुखणे कशाचे आहे? कोणत्या बोलण्यावरून ठिणगी पडली? नियम कोणाच्या बाजूने आहे? आणि एरवी समंजस असणारी ही माणसे आत्ताच अशी का वागताहेत? विद्यापीठांनी या प्रश्नांची वाटणी करून टाकली आहे. संघर्ष-अभ्यास, संज्ञापन (माणसे एकमेकांपर्यंत अर्थ कसा पोहोचवतात याचा अभ्यास), कायदा आणि मानसशास्त्र अशा चार घरांत ते वाढले आणि प्रत्येक घराने आपले जाड ग्रंथ, आपली भाषा आणि आपल्या सवयी तयार केल्या. नवा वाचक त्यातला एखादा ग्रंथ हौसेने उचलतो आणि चाळीसेक पानांत थकतो.

हे बहुधा कुवत कमी असल्यामुळे होत नाही. दोन गैरसमज वाचकाला दमवतात. पहिला, की अभ्यासग्रंथ कादंबरीसारखा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचा. दुसरा, की ग्रंथात छापले म्हणजे ते ठरले. खरे तर असा प्रत्येक ग्रंथ चालू वादातला एक पक्ष असतो. त्याच्याआधी कोणीतरी काही म्हटलेले असते, ते खोडायला तो लिहिलेला असतो आणि तो बाहेर पडल्यावर त्यालाही कोणीतरी उत्तर दिलेले असते. दुसऱ्या पक्षाचे ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये, हे न्यायदानाचे जुने तत्त्व आहे. हे ग्रंथ वाचतानाही मी तेच तत्त्व पाळतो आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघाल्या आहेत.

पायरी १ : आधी एक खरे भांडण कागदावर उतरवा

ग्रंथ उघडण्याआधी अर्धे पान लिहा. तुम्ही जवळून पाहिलेला किंवा स्वतः भोगलेला एक वाद घ्या. नावे नकोत. कोणी काय मागितले, ते त्याला कशासाठी हवे होते आणि कोणत्या वाक्यानंतर प्रकरण चिघळले, एवढेच लिहा. हा कागद प्रत्येक ग्रंथात खुणेसारखा ठेवा. वाचलेला सिद्धान्त त्या कागदावर काही उजेड पाडतो का, हे ताडून पाहण्यासाठी तो हवा.

त्याचा पहिला उपयोग लगेच करता येतो. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मधल्या एका व्याख्यानात ग्रंथालयातल्या छोट्या खोलीचा प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली आणि दोघांचे काम झाले. फॉलेट यांना फक्त अंगावर येणारा वारा नको होता, खोली कोंदट राहावी अशी त्यांची इच्छा नव्हतीच. पुढे १९८१ मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 'गेटिंग टू येस' या पुस्तकात हाच भेद मध्यवर्ती केला: माणूस तोंडाने जी मागणी करतो ती वेगळी आणि त्या मागणीमागची गरज वेगळी. आता आपला कागद घ्या. मागण्यांखाली रेघ ओढा आणि प्रत्येक मागणीसमोर तिच्यामागची गरज लिहा. आपल्या बाजूच्या गरजा भराभर लिहून होतात, दुसऱ्या बाजूसमोरची जागा मात्र कोरी राहते. ती कोरी जागा पुसू नका, तशीच ठेवा. पुढे काय वाचायचे हे तीच सांगेल.

पायरी २ : या घरात पुरावा कशाला म्हणतात, ते आधी विचारा

नव्या वाचकाचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. चारही शाखा एकाच माणसाबद्दल बोलतात, पण 'हे सिद्ध झाले' असे त्या वेगवेगळ्या कारणांनी म्हणतात.

कायद्याच्या तात्त्विक ग्रंथात पुरावा म्हणजे नियमाचे शब्द, निवाडे आणि युक्तिवादाची घट्ट वीण. तिथे सर्वेक्षण नसते, आकडे नसतात. एखादे कल्पित उदाहरण वीस-वीस पाने उलटसुलट तपासले जाते. मानसशास्त्राचा वाचक याला वैतागतो, कारण त्याला वाटते की हे सगळे बसल्या जागी रचलेले आहे. पण नियमाचा अर्थ लावणे हे मोजमापाचे काम नाही, आणि कल्पित उदाहरणाने नियम जिथे ताणला जातो तिथेच त्याची वीण दिसते.

वर्तनाच्या ग्रंथात पुरावा म्हणजे प्रयोग आणि नमुना. किती माणसे घेतली, कोणत्या दोन परिस्थितींची तुलना केली आणि फरक किती पडला, हे तिथे विचारायचे असते.

संज्ञापनाचे ग्रंथ प्रत्यक्ष बोलण्यावर उभे असतात. कोण कोणानंतर बोलले, काय बोलायचे टाळले, किती थांबून उत्तर दिले. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांचे प्रसिद्ध उदाहरण घ्या. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याची शिफारस करताना शिक्षक फक्त एवढेच लिहितो, की याची भाषा उत्तम आहे आणि हजेरी नियमित आहे. पत्रात एकही वाईट शब्द नाही, तरी वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. न लिहिलेल्या गोष्टीतून अर्थ कसा पोहोचतो याची उकल हाच तिथला पुरावा.

संघर्षावरचे ग्रंथ या सगळ्यांकडून उसने घेतात. त्यात गणित असते, इतिहास असतो, मुलाखती असतात. म्हणून ते सर्वांत रसाळ वाटतात आणि सर्वांत फसवेही असतात. एका पानावर गणिती सिद्धता आणि पुढच्या पानावर लेखकाचे निव्वळ मत असू शकते. सांधा कुठे आहे, तिथे पेन्सिलीने खूण करा.

चारही घरे एकाच अंगणात कशी येतात, हे पाहायचे तर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग घ्या. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि विचारले, की गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता? प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलत होते. गाड्या एकमेकींवर जोराने आपटल्या, अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा अंदाजाची सरासरी ताशी सुमारे ४१ मैल आली. नुसत्या एकमेकींना लागल्या, असा सौम्य शब्द वापरला तेव्हा ती सुमारे ३२ वर आली. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारले, की काच फुटलेली पाहिली का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. तरी 'आपटल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले. 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. प्रश्न विचारणे हे संज्ञापन, आठवण हे वर्तन, साक्ष हा कायदा, आणि त्या साक्षीवरून जे पेटते तो संघर्ष. या चारही विषयांत नवखे असाल तर सुरुवातीला असे सीमेवरचे लेखन निवडा. एका घरात खोल शिरण्यापूर्वी चारही दारांची ओळख होते.

पायरी ३ : ग्रंथ मागून उघडा

प्रस्तावना वाचा, मग थेट शेवटचे प्रकरण वाचा. लेखक कुठे पोहोचणार आहे हे आधी कळले तर वाटेत दमछाक होत नाही; रहस्यकथा थोडीच आहे. मग अनुक्रमणिका पाहा आणि त्यानंतर अगदी शेवटची सूची. सूचीत कोणत्या नावापुढे पानांचे आकडे सर्वांत जास्त आहेत ते शोधा. ते नाव बहुधा लेखकाच्या गुरूचे असते किंवा प्रतिपक्षाचे. दोन्हींपैकी कोण, हे त्यातले एखादे पान उघडले की कळते.

पाठ्यपुस्तक, संपादित ग्रंथ आणि एकाच लेखकाने एकच मुद्दा लढवणारा ग्रंथ, हे तीन प्रकार ओळखा. पाठ्यपुस्तकातून नकाशा मिळतो. संपादित ग्रंथातली हवी ती दोन प्रकरणे वाचून बाकीची सोडली तरी चालते. तिसऱ्या प्रकाराला मात्र वेळ द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. या क्षेत्रातले बरेच मोठे विचार आधी लेखाच्या रूपात आले. मार्क गॅलंटर यांचा १९७४ चा लेख पाहा. कोर्टाची पायरी वारंवार चढणारे आणि आयुष्यात एकदाच चढणारे यांच्यात नियम सारखेच असूनही पारडे का झुकते, हे तो दाखवतो. रॉबर्ट म्नूकिन आणि लुईस कॉर्नहॉझर यांनी १९७९ मध्ये लिहिले, की कोर्टाबाहेर होणारी तडजोडसुद्धा कोर्टात काय होईल याच्या सावलीतच होते. असे लेख दोन-तीन बैठकांत वाचून होतात. पाचशे पानांचा ग्रंथ समोर असेल तर त्या लेखकाचा आधीचा लेख आहे का ते पाहा आणि तिथून सुरुवात करा.

पायरी ४ : लेखक कोणाशी भांडतो आहे, ते शोधा

मला विचाराल तर सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये एक साधा नियम उदाहरणादाखल घेतला: बागेत वाहन आणण्यास मनाई आहे. मोटारगाडी आणता येणार नाही हे उघड आहे. पण सायकल? चाकांचे बूट? खेळण्यातली गाडी? हार्ट म्हणतात, प्रत्येक शब्दाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती एक अंधूक कड असते. गाभ्यात नियम आपोआप लागतो, कडेवर न्यायाधीशाला निवड करावी लागते. वाचताना हे इतके पटते, की पुढे काही म्हणण्यासारखे उरलेच नाही असे वाटते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात लॉन फुलर यांनी उत्तर दिले. समजा, महायुद्धात वापरलेला, अजून चालू स्थितीतला एक ट्रक काही लोकांना बागेत चौथऱ्यावर स्मारक म्हणून बसवायचा आहे. तो गाभ्यात येतो की कडेवर? ट्रक हे निःसंशय वाहन आहे. तरी नियम त्याला अडवतो का, हे केवळ शब्दाकडे पाहून सांगता येत नाही. नियम कशासाठी केला, हे विचारावेच लागते. आता हार्ट यांचे पान पुन्हा उघडा. आधी जे निर्विवाद वाटले होते, तिथे एक निवड दिसू लागते. पुढे १९६१ मध्ये हार्ट यांचा 'द कॉन्सेप्ट ऑफ लॉ' आला आणि १९६४ मध्ये फुलर यांचा 'द मोरॅलिटी ऑफ लॉ'. हे दोन ग्रंथ सुटे वाचले तर दोन्ही कोरडे वाटू शकतात. आधी १९५८ ची ती चकमक वाचा, मग त्यातले प्रत्येक प्रकरण कोणाला उद्देशून आहे ते कळते.

दुसरी जोडी मला याहून प्रिय आहे. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये एक शेतकरी आणि शेजारचा गुरे पाळणारा यांचे उदाहरण घेतले. गुरे पिकात शिरतात. नुकसान कोणी सोसायचे? कोस यांचा युक्तिवाद असा, की बोलणी करायला काहीच खर्च पडत नसेल, तर कायद्याने जबाबदारी कोणावरही टाकली तरी दोघे आपसात सौदा करून त्याच फायदेशीर तोडग्यावर पोहोचतील. बोलणीला खर्च पडतो, हे कोस यांना पक्के माहीत होते आणि पुढचा सगळा मुद्दा त्यावरच होता. पण हे उदाहरण कागदावरचे होते. रॉबर्ट एलिक्सन कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यात गेले आणि गुरे पाळणाऱ्या खऱ्या शेजाऱ्यांना भेटले. १९९१ च्या 'ऑर्डर विदाउट लॉ' मध्ये त्यांनी लिहिले, की लोक कायद्यापासून सुरुवात करून सौदा करतच नव्हते. कायदा नेमका काय आहे हेही पुष्कळांना नीट ठाऊक नव्हते. शेजारधर्म म्हणून जे चालत आले होते त्याप्रमाणे ते वागत. आज तुझे जनावर माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे, असा हिशेब प्रत्येकजण मनात ठेवत होता.

तुमच्या कागदावरच्या वादात नियम कोणाला माहीत होता? भांडण सुरू होण्याआधी माहीत होता, की सुरू झाल्यावर शोधला गेला? एलिक्सन वाचल्यावर हा प्रश्न मी प्रत्येक वादाला विचारतो.

पायरी ५ : ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा

अनोळखी संज्ञा अडली तर आपण कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. 'ध'चा 'मा' झाला तर काय होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. इथे तर अक्षरही बदलत नाही, अर्थ मात्र बदलतो.

योहान गाल्टुंग यांनी १९६९ च्या लेखात 'हिंसा' हा शब्द इतका रुंद केला, की हात न उगारताही ती घडते. समाजाच्या रचनेमुळेच कोणाला टाळता येण्यासारखे दुःख किंवा मृत्यू वाट्याला येत असेल, तर तीही हिंसा. काहींना हे फार मोलाचे वाटते, काही म्हणतात की शब्द इतका पसरला तर त्याची धार जाते. दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. पण वाचताना लेखक कोणत्या अर्थाने बोलतो हे माहीत नसेल तर पानापानावर ठेच लागेल. संघर्षाच्या ग्रंथात 'खेळ' म्हणजे दोन पक्षांच्या निवडींचे गणिती प्रतिमान. 'तर्कशुद्ध' म्हणजे शहाणा नव्हे. ज्याच्या आवडीनिवडी परस्परांशी सुसंगत आहेत असा. कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे कंपनीसुद्धा.

'वाद' हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. विल्यम फेल्स्टिनर, रिचर्ड एबल आणि ऑस्टिन सॅरट यांनी १९८०-८१ मध्ये दाखवले, की झालेला त्रास आपोआप वाद होत नाही. आधी 'आपल्यावर अन्याय झाला' असे त्याला नाव द्यावे लागते, मग कोणावर तरी बोट ठेवावे लागते, मग भरपाई मागावी लागते. मागणी नाकारली गेली तर वाद. बहुतेक त्रास या वाटेवर मध्येच कुठेतरी गळून पडतात. हे वाचल्यावर 'भांडणे वाढली आहेत' या वाक्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. त्रास वाढला, की त्याला नाव देणारे वाढले?

संज्ञापनातला असाच एक शब्द म्हणजे 'विरामचिन्हे'. पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये एका जोडप्याचे उदाहरण दिले. नवरा म्हणतो, ती सारखी बोलते म्हणून मी गप्प होतो. बायको म्हणते, हा गप्प असतो म्हणून मला बोलावे लागते. घटना त्याच, क्रम तोच. वाक्य कुठून सुरू करायचे एवढ्यावरच मतभेद. आपला कागद बघा. तुम्ही वाक्य कुठून सुरू केले आहे?

एक वही ठेवा. डावीकडे संज्ञा, उजवीकडे 'या लेखकाच्या मते' असे लिहून अर्थ. लेखकाचे नाव लिहायला विसरू नका, कारण तोच शब्द पुढच्या ग्रंथात वेगळा निघेल.

पायरी ६ : आकडा दिसला की घाई करू नका

२०११ मध्ये एक शोधनिबंध गाजला. इस्रायलमधल्या ८ न्यायाधीशांचे पॅरोलसंबंधीचे १,११२ निर्णय तपासले होते. सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होत. सत्र पुढे सरकेल तसे प्रमाण घसरत जवळजवळ शून्यावर येई आणि खाण्याच्या सुट्टीनंतर पुन्हा वर जाई. भुकेला न्यायाधीश कठोर असतो, असे म्हणून ही गोष्ट पुस्तकापुस्तकांत फिरू लागली. कायदा आणि वर्तन यांचा इतका चटकदार संगम क्वचितच सापडतो.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात केरेन वाइन्शाल-मार्गेल आणि जॉन शॅपर्ड यांचे उत्तर छापून आले. प्रकरणे चिठ्ठ्या टाकल्यासारखी येत नव्हती. वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज बहुधा सत्राच्या शेवटी घेतले जात, आणि वकील नसेल तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता तशीही जास्त. मूळ संशोधकांनी यालाही उत्तर दिले. वाद तिथे संपला नाही. पण पहिलाच निबंध वाचून थांबणाऱ्याने एका पक्षाचे ऐकून निकाल दिला, असे म्हणावे लागेल.

स्टॅन्ली मिलग्राम यांचे आज्ञापालनाचे प्रयोग असेच अर्धे ऐकलेले असतात. १९६३ च्या निबंधात ४० पैकी २६ जणांनी, म्हणजे ६५ टक्क्यांनी, प्रयोगकर्त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचा शेवटचा झटका देण्यापर्यंत मजल मारली. झटके खरे नव्हते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. मात्र मिलग्राम यांनी याची अनेक रूपे करून पाहिली. सोबतच्या दोघांनी आधी नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. ६५ टक्के हा माणसाच्या स्वभावाचा आकडा नाही, एका मांडणीचा आहे. मिलग्राम यांच्या ग्रंथात दुसरी मांडणीही आहे, तिचा उल्लेख मात्र फार कमी जण करतात.

म्हणून आकडा दिसला की तीन गोष्टी पाहा. माणसे कोण होती? जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की मानसशास्त्रातल्या आघाडीच्या नियतकालिकांतले ९६ टक्के नमुने जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून घेतलेले होते. 'माणूस असा वागतो' हे वाक्य तिथल्या विद्यार्थ्यांच्या भरवशावर लिहिले जात होते. प्रयोग पुन्हा कोणी केला का? २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष ठळक होता, नव्याने केल्यावर तो ३६ टक्क्यांत टिकला. आणि लेखकाने नंतर मत बदलले का? डॅनियल कानेमन यांच्या २०११ च्या गाजलेल्या पुस्तकात एक प्रकरण नकळत मिळणाऱ्या सूचनांच्या प्रभावावर आहे. त्या प्रकरणात आपण लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर नको इतका विश्वास ठेवला, असे त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केले. पुस्तकाच्या प्रतीत मात्र ते प्रकरण तसेच आहे. कानेमन यांच्याबद्दलचा माझा आदर या कबुलीने वाढला. वाचकाने त्यांच्याइतके तरी सावध असावे.

पायरी ७ : कायद्याच्या ग्रंथाचे वर्ष आणि देश पाहा

इथे थोडक्यात. तात्त्विक ग्रंथ जुना असला तरी चालतो, पण प्रचलित कायदा सांगणारा ग्रंथ चालत नाही. कोणत्या देशाचा कायदा, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपर्यंतचे निवाडे, हे पहिल्या पानांवर लिहिलेले असते. ते न पाहता पुढे जाऊ नका. आणि स्वतःचे प्रकरण कोर्टात जाण्याच्या बेतात असेल तर ग्रंथ बाजूला ठेवून वकिलाला भेटा.

पायरी ८ : टिपण चार ओळींचे

प्रत्येक प्रकरणानंतर चार ओळी: लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, कोणाच्या विरोधात म्हणतो, आणि माझ्या कागदावर याचा काय परिणाम होतो. पानाचा आकडा लिहाच. सहा महिन्यांनी तोच उपयोगी पडतो. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर प्रकरण पुन्हा चाळा.

पायरी ९ : जोडीने वाचा

पहिल्या वर्षासाठी मी अशा जोड्या सुचवेन. फिशर आणि युरी वाचून झाले, की गॅलंटर यांचा लेख. पहिले पुस्तक सांगते की गरजा समजून घेतल्या तर दोघांचेही भले होते. दुसरा लेख विचारतो, की दोघांची ताकदच सारखी नसेल तर? टॉम टायलर यांचा १९९० चा 'व्हाय पीपल ओबे द लॉ' हा शिकागोतल्या १,५७५ लोकांशी दूरध्वनीवर बोलून लिहिलेला ग्रंथ आहे. शिक्षेच्या भीतीपेक्षा, आपल्याला न्याय्य वागणूक मिळाली या भावनेने लोक कायदा अधिक पाळतात, असे तो मांडतो. त्याच्यासोबत एलिक्सन वाचा, कारण तिथे लोक कायदा पाळतही नाहीत आणि मोडतही नाहीत. त्यांचे त्याच्यावाचून चालते.

तिसरी जोडी जरा कष्टाची आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांच्या १९८४ च्या ग्रंथात संगणकावर खेळवलेली स्पर्धा आहे. सहकार्य करायचे की दगा द्यायचा, हा निर्णय प्रत्येक संगणकीय आज्ञावलीने पुन्हा पुन्हा घ्यायचा. पहिल्या फेरीत १४ आणि दुसरीत ६२ आज्ञावल्या आल्या. दोन्ही वेळा ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली अगदी छोटी आज्ञावली जिंकली: सुरुवात सहकार्याने, त्यानंतर समोरचा मागच्या खेपेला जसा वागला तसे. ही कथा इतकी सुंदर आहे, की दुसरी बाजू वाचावीशी वाटत नाही. ती वाचा. चुकून एखादी चाल भलतीच पडली, तर असे दोन 'जशास तसे' वागणारे एकमेकांना आळीपाळीने फटके देत बसतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमंड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अशा चुका होणाऱ्या जगात मधूनमधून क्षमा करणारी चाल सरस ठरते. एका गैरसमजावरून शब्दाने शब्द वाढत गेल्याचे ज्याने पाहिले आहे, त्याला हे गणित परके वाटणार नाही.

दिवसाला किती पाने, असे विचारतात. तात्त्विक ग्रंथाची दहा पाने एका बैठकीला पुरेत. प्रयोगांचे ग्रंथ वेगाने वाचून होतात, त्यातला मूळ निबंध शोधण्यात वेळ जातो, आणि तो द्यावा.

पायरी १० : शिकलेले आधी स्वतःवर वापरा

हे ग्रंथ वाचणाऱ्याला एक धोका असतो आणि तो मी पुष्कळांच्या बाबतीत घडताना पाहिला आहे. नव्या संज्ञा हाती आल्या की त्या समोरच्यावर चिकटवायची घाई होते. तुझा पूर्वग्रह आहे, तू स्वभावाला दोष देतोस आणि परिस्थिती पाहत नाहीस, असे ऐकवले जाते. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये दाखवले, की पूर्वग्रहांची यादी समोर ठेवली तरी लोक ते स्वतःपेक्षा इतरांतच जास्त पाहतात. म्हणजे पूर्वग्रहांवरचा ग्रंथ वाचूनही माणूस आहे तिथेच राहू शकतो, फक्त त्याच्याकडे आता भारी शब्द असतात.

यावर उपाय ज्यांच्या छोट्या आज्ञावलीने ती स्पर्धा जिंकली, त्या रॅपोपोर्ट यांच्याकडेच आहे. १९६० च्या त्यांच्या ग्रंथात वादविवादासाठी एक अट सुचवली आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी असे मांडा, की तो स्वतः म्हणेल, हो, मला हेच म्हणायचे होते. त्यानंतरच आपले म्हणणे सुरू करायचे.

पहिल्या दिवशी लिहिलेला अर्ध्या पानाचा कागद आता काढा. दोन-तीन जोड्या वाचून झाल्या असतील, त्या कोऱ्या जागेबद्दल आता काहीतरी सुचत असेल. तोच वाद दुसऱ्या बाजूने लिहा. वाक्य त्याच्या जागेवरून सुरू करा, त्याच्या मागण्यांसमोर त्याच्या गरजा भरा, तो वापरेल ते शब्द वापरा. जमत असेल आणि संबंध तेवढे उरले असतील, तर तो कागद त्याला वाचायला द्या. तो जिथे म्हणेल, 'असे नव्हते', तिथे खूण करून ठेवा. पुढचा ग्रंथ त्या खुणेपासून निवडा.